काहीतरीच तुमचं

ही हकिकत घडली २०४४ साली, जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत. सांगलीच्या विश्रामबागेतल्या मगदूमांच्या घरात त्या वर्षी एका लग्नाला एकोणपन्नास वर्षं आणि एका सिनेमाला सत्तेचाळीस वर्षं होत होती. त्या घरात या दोन्ही गोष्टी एकच मानल्या जात.

सिनेमाचं नाव ‘साडेनऊची बस’. सुकुमार मगदूम यांनी जन्मभर सहकारी बँकेत कारकुनी केली आणि सिनेमा लिहिला तो हा एवढाच. पण असा लिहिला की सत्त्याण्णव साली कोल्हापूर-सांगलीकडची माणसं तो चार-चार वेळा बघून आली. गोष्ट त्यांच्याच लग्नाची. मिरजेच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेणारी एक मुलगी रोज साडेनऊच्या बसला उभी राहते. एक मुलगा तिथं रोज येतो. कधी पेरू आणतो, कधी तिच्या साडीच्या रंगाची छत्री, एकदा तर लग्नातले बँडवाले. ती दर वेळी मान खाली घालून म्हणते, “काहीतरीच तुमचं.” असं अकरा वेळा. बाराव्या दिवशी ती काहीच म्हणत नाही, पर्स सावरते आणि त्याच्या लुनावर मागे बसते. तिथं थिएटरात शिट्ट्या पडायच्या. पुढं कित्येक वर्षं लोक लग्नपत्रिकांवर ‘काहीतरीच तुमचं’ छापून घेत.

पद्मजाबाई मगदूम तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या आणि आता बहात्तरच्या. एवढ्या वर्षांत भाजी आणायला गेल्या तरी कुणी ना कुणी हसून विचारायचं, “काय वहिनी, काहीतरीच का?” त्याही हसायच्या. सवयीनं येतं ते.

त्या जानेवारीत सिनेमाची जुनी रीळं स्वच्छ करून नवी प्रत तयार झाली. राज्यातल्या शाळांचा चित्रपट सप्ताह मार्चमध्ये होता आणि त्यात ‘साडेनऊची बस’ दाखवायचं ठरत होतं. अडसर एकच. मुलांना दाखवायच्या प्रत्येक सिनेमाला बालदर्शक मंडळाचं ‘सर्वांसाठी’ असं प्रमाणपत्र लागे.

“त्यात काय बघायचंय त्यांना?” सुकुमारराव म्हणाले. “मारामारी नाही, शिवी नाही. नायक नायिकेच्या हाताला हात लावत नाही शेवटपर्यंत.”

“लुनावर बसल्यावर खांद्याला धरते की ती,” मुलगी सन्मती म्हणाली. ती जवळच राहायची आणि अर्जाची सगळी कामं तीच बघत होती.

“पडली असती नाहीतर,” सुकुमारराव म्हणाले, आणि तिघंही हसली.

मंडळाचं बोलावणं आलं तेव्हा तिघंही कोल्हापूरला गेली. डॉक्टर रेहाना मुजावर म्हणून चाळिशीच्या बाई तिथल्या प्रमुख होत्या. मूळच्या मिरजेच्या. त्यांनी आधी चहा मागवला, मग टेबलावरचा पडदा वळवून समोर धरला.

पूर्वी सिनेमा बघायला चार जाणती माणसं बसत आणि त्यांना जे खटकेल ते कापत. आता आधी ‘बालमन’ बघायचं. दहा वर्षं बारा हजार मुलांनी, आईवडिलांच्या संमतीनं, शाळेत सिनेमे बघताना डोक्यावर एक मऊ टोपी घातली होती. मेंदूत काय हालतं ते टोपी टिपायची. पण खरं काम त्यानंतरचं होतं. तीच मुलं सहा महिन्यांनी, वर्षानं, तीन वर्षांनी कशी वागली, हेही लिहून ठेवलं होतं. या सगळ्यातून संगणकात तीन मुलं तयार झाली: नऊ वर्षांचं, तेराचं आणि सोळाचं. नवा सिनेमा आला की आधी ही तीन मुलं तो बघत, आणि त्यांच्यात पुढं काय उरेल ते यंत्र सांगे.

“मुलं गोष्ट विसरतात,” डॉक्टर मुजावर म्हणाल्या. “आठ महिन्यांनी नायकाचं नावसुद्धा आठवत नाही. पण अपेक्षा उरते. अमुक केलं की पुढं तमुक होतं, ही वाट मेंदूत पडून राहते, मैदानातनं रोज येऊन-जाऊन पायवाट पडते तशी. मारामारी बघताना मूल सावध असतं, मनात म्हणतं, हे वाईट. हसताना सावध नसतं. म्हणून विनोदी प्रेमकथेचं मोजमाप सगळ्यांत अवघड.”

“मग काय उरलं आमच्या सिनेमातनं?” सुकुमाररावांनी विचारलं.

“नऊ वर्षांच्या मुलात काही नाही. त्याला बँडवाले आवडले. सोळाच्या मुलात थोडंसं. तेराच्या मुलीत मात्र…” त्यांनी पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. “आपण नाही म्हटलं तर समोरचा ऐकेल, हा भरवसा चौदा टक्क्यांनी कमी झाला. मर्यादा पाचाची आहे.”

मग सुकुमारराव मोठ्यानं हसले.

“मॅडम, तुमच्या यंत्राला मराठी येत नाही. नाही म्हटलंय कुठं तिनं? ‘काहीतरीच तुमचं’ म्हणजे नाही का? तुम्ही मिरजेच्या. तुम्हीच सांगा.”

डॉक्टर मुजावरही थोड्या हसल्या. “तोच प्रश्न आहे काका. यंत्रानं तो शब्द नकार धरला. लाजून दिलेला होकार धरला तर आकडा दोनावर येतो आणि प्रमाणपत्र आज देता येतं. सगळं त्या एका शब्दावर अडलंय. अशा वेळी आम्ही अर्थ-साक्ष घेतो. ती भाषा बोलणारं माणूस येऊन सांगतं, शब्द कोणत्या प्रसंगी कसा वापरला. यंत्र त्यावरून शिकतं.”

“मग साक्षीदार ही काय इथंच बसलीय,” सुकुमारराव म्हणाले. “जिनं तो शब्द उच्चारला तीच बाई. यापेक्षा पक्की साक्ष कुठली मिळणार तुम्हाला? लिहा, पद्मजा सुकुमार मगदूम.”

सन्मतीनं टाळी दिली. पद्मजाबाई कपातल्या चहाकडं बघत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे त्या खोलीत फक्त डॉक्टर मुजावरांच्या ध्यानात आलं असावं. कारण बापलेक सह्या करायला खाली गेल्यावर त्या म्हणाल्या, “ताई, तुमची तयारी नसेल तर दुसरं कुणी बघू.”

“तुमचं यंत्र खरं-खोटं ओळखतं का हो?” पद्मजाबाईंनी विचारलं.

“नाही. तुम्ही सांगाल ते शिकेल.” डॉक्टर म्हणाल्या. “पण एक तुम्हाला माहीत असायला हवं. साक्षीदाराला सांगायचा नियमच आहे. तुमची साक्ष ज्या शब्दकोशात जाते, तो एकट्या बालमनचा नाही. शाळांत ‘कानोसा’ नावाचा संगणक बसवलाय, ऐकलं असेल. मुलांना मोठ्यांकडं बोलायचं धाडस होत नाही, ती त्याच्याशी बोलतात. काळजीचं असलं तर कानोसा वर्गाच्या बाईंना कळवतो. त्याचाही शब्दकोश हाच.”

त्यांनी नाव-गाव पुसलेली एक ओळ वाचून दाखवली. सातवीतल्या मुलीची होती. मामाचा मित्र रोज शाळेबाहेर गाडी घेऊन येतो, आत बस म्हणतो. ‘मी म्हटलं, काहीतरीच काय.’

“कानोशाला कळेना, हे कळवायचं की सोडायचं,” डॉक्टर म्हणाल्या. “आम्ही कळवलं. पण अशा ओळी रोज शेकड्यानं येतात. संशय असेल तेव्हा काय धरायचं, ते तुमच्यासारख्यांच्या साक्षीनं ठरतं.”

साक्ष पंधरा दिवसांनी होती. तेवढ्या दिवसांत पद्मजाबाईंनी लोणच्याच्या बरण्या दोनदा धुतल्या. सुकुमारराव मात्र मजेत होते. रोज कुणाला तरी फोन करून सांगायचे, “आमच्या हिची साक्ष आहे. यंत्राला मराठी शिकवायला चाललीय.”

माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती. एकोणपन्नास वर्षांत त्यांनी आवाज चढवला नाही. पद्मजाबाईंच्या बाळंतपणात स्वतः भाकऱ्या थापायला शिकले. सासूला शेवटची तीन वर्षं घरी आणून सांभाळलं. लोक म्हणायचे, नशीब काढलंस पद्मजा. खोटं नव्हतं ते.

साक्षीच्या आदल्या सकाळी नाश्त्याला बसल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, उद्या मी काय सांगावं असं वाटतं तुम्हाला?”

“जे होतं ते.”

“आणि ते नाहीच असलं तर? म्हणजे तेव्हा मला नकोच होतं असं असलं तर?”

सुकुमाररावांनी पोह्यांवर लिंबू पिळलं आणि हसून म्हणाले, “काहीतरीच काय बोलतेस.”

दोन घास खाऊन झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. “तिखट कमी झालंय का गं आज?”

त्या उठून मिरची आणायला आत गेल्या.

साक्षीची खोली लहान होती. एक टेबल, आवाज टिपणारी एक काळी डबी, आणि मागं अर्जदारांसाठी दोन खुर्च्या. सुकुमारराव इस्त्रीचा झब्बा घालून आले होते. शेजारी सन्मती. डॉक्टर मुजावरांनी सिनेमातला पहिला प्रसंग दाखवला आणि विचारलं, “ताई, खरं असंच झालं होतं?”

“साधारण. पेरू नव्हता. रोज याच बसनं जाता का, असं विचारलं होतं यांनी.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काहीतरीच.”

“तेव्हा मनात काय होतं? हो, नाही, की काहीच नाही?”

“काहीच नाही. दचकले होते.”

मागं सुकुमारराव हलकेच हसले. डॉक्टरांनी दुसरा प्रसंग लावला.

“पेरू यात होता,” पद्मजाबाई म्हणाल्या. “माझ्या पिशवीत टाकला यांनी. मी काहीतरीच म्हटलं. मनात नाही होतं.”

“तिसरा?”

“तिसऱ्या वेळी यांनी कंडक्टरला सांगितलं, बाईंना पुढची जागा द्या, या शेवाळाच्या डॉक्टर होणार आहेत. मी शेवाळाचा अभ्यास करते हे कुठून तरी काढलं होतं. मला हसू आलं. ते आवडलं होतं मला. तेव्हाचं काहीतरीच म्हणजे… हो म्हणायला हरकत नाही.”

“बघा,” सुकुमारराव मागून म्हणाले.

“चौथा?”

“चौथ्या वेळी मित्र घेऊन आले होते. चौघं. मी चपलांकडं बघत होते. नाही.”

“पाचवा, सहावा?”

“नाही. नाही.”

सातवा प्रसंग लागला. नायिका थांबा बदलून पुढच्या थांब्यावर चालत जाते, आणि नायक तिथं आधीच पेरू खात उभा असतो. सिनेमातलं सगळ्यांत मोठं हसू इथं होतं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी पद्मजाबाईही थिएटरात इथं हसल्या होत्या, नवऱ्याच्या मित्रांच्या बायकांमध्ये बसून.

“हे खरं आहे,” त्या म्हणाल्या. “थांबा मीच बदलला होता. हे भेटू नयेत म्हणून. पंधरा मिनिटं चालत गेले, तर हे तिथं उभे. तेव्हा मी घाबरले होते.”

मागच्या खुर्चीचा आवाज झाला. त्यांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

“शब्द तोच वापरलात?” डॉक्टरांनी हळू विचारलं.

“दुसरा कुठला होता? नाही म्हटलं तर उद्धट. ओरडावं तर माझंच नाव झालं असतं. हसून मान खाली घालायची आणि काहीतरीच म्हणायचं, एवढंच शिकवलं होतं आम्हाला. हवं असलं तरी तेच, नको असलं तरी तेच. ऐकणाऱ्यानं काय ते ओळखायचं.”

आठ, नऊ, दहा, अकरा. नवव्या वेळी कॉलेजच्या फाटकात, विद्यार्थ्यांसमोर. चारही वेळा नाही.

“बारावा प्रसंग,” डॉक्टर म्हणाल्या. “यात तुम्ही काहीच बोलत नाही.”

“त्याच्या आदल्या रविवारी आमच्या वडिलांच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, तुमच्या पद्मीचं बसस्टॉपवर जमलंय म्हणे. वडील उठून सरळ मगदूमांच्या घरी गेले. लग्न ठरवूनच आले. गोव्याला समुद्री शेवाळावर काम करायला मला जागा मिळाल्याचं पत्र आलं होतं. त्या पत्राला उत्तर पाठवायची मुदत तशीच गेली. बाराव्या दिवशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. लुना आली, बसले.”

डॉक्टर मुजावरांनी शेवटचा प्रश्न नियमाप्रमाणं विचारला. “पद्मजाताई, तुमच्या अनुभवावरून, हा शब्द ऐकला आणि अर्थाचा संशय आला, तर काय धरावं?”

“नकार धरा,” त्या म्हणाल्या. “होकार असेल तर ती मुलगी पुन्हा सांगेल. तिला घाई असते.”

परत येताना चालकाशिवायच्या गाडीत तिघं समोरासमोर बसली होती. हातकणंगले मागं पडलं. सन्मती खिडकीबाहेर बघत रडत होती आणि रडत नसल्याचं दाखवत होती.

“मला वाटलं, तूच वडिलांना पाठवलंस,” सुकुमारराव अखेर म्हणाले. “तुझे वडील आले तेव्हा मी आईला म्हटलं, बघ, तिनंच पाठवलं. एवढी वर्षं मी तेच…”

“माहीत आहे मला.”

“मग एकदा तरी सांगायचंस की.”

“केव्हा सांगू? तुम्ही भाकऱ्या थापत होता तेव्हा, की आईला उचलून न्हाणीघरात नेत होता तेव्हा?”

जयसिंगपूर आलं. ते बराच वेळ हातातल्या चष्म्याकडं बघत होते.

“ते तिसऱ्या वेळचं,” ते म्हणाले. “शेवाळाच्या डॉक्टरचं. ते खरं होतं ना? का माझ्यासाठी म्हणालीस?”

“खरं होतं.”

त्यांनी मान हलवली आणि चष्मा घातला.

घरी पोचल्यावर सन्मती आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. “शाळेत मला सगळी काय म्हणायची माहीत आहे ना तुला? साडेनऊच्या बसमधली मुलगी. किती मिरवलंय मी. आणि आता परक्या बाईसमोर, डबीत बोलून मोकळी झालीस. मग मी कुठं बसते या सगळ्यात, आई? मीपण नकोच होते का?”

“तू हवी होतीस.”

“आणि अप्पा?”

पद्मजाबाईंनी गॅस बंद केला. “अप्पा मला पुढं आवडायला लागले. पण ते माझं मी केलं, लग्नानंतर, हळूहळू. त्याचं श्रेय त्या बसथांब्याला देऊ नका कुणी.”

“तुम्हा दोघांची एकच गोष्ट नाही का असू शकत?”

“नाही गं,” पद्मजाबाई म्हणाल्या. “तेच तर सांगून आले.”

सिनेमाला ‘सोळा वर्षांवरील’ असं प्रमाणपत्र मिळालं. सुकुमाररावांनी त्यावर अपील केलं नाही, आणि शाळांच्या सप्ताहात त्याच्या जागी कासवांवरचा माहितीपट दाखवला गेला. शब्दकोशात ‘काहीतरीच’ या शब्दापुढं ‘संशय असल्यास नकार’ अशी नोंद झाली. वर्तमानपत्रांनी आठ दिवस थट्टा केली. एकानं तर लिहिलं की आता मराठी मुलींनी लाजायचं कसं, याचं परिपत्रक काढा.

थट्टेपुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. त्या वर्षअखेर एका शाळेतल्या आठवीतल्या मुलाला कानोशामुळं तीनदा मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं लागलं. त्याच्या वर्गातल्या मुली प्रत्येक गोष्टीला काहीतरीच म्हणायच्या, आणि त्यानं काही केलेलं नव्हतं. त्याच्या आईनं पद्मजाबाईंना कडक पत्र लिहिलं. त्या स्वतः जाऊन तिला भेटल्या, मुलाची माफी मागितली, आणि परत आल्यावर दोन दिवस जेवल्या नाहीत. पण साक्ष मागं घेतली नाही. सातवीतल्या त्या मुलीचं पुढं काय झालं हे कुणालाच कळलं नाही. ते कळू द्यायचं नाही असा नियमच होता.

डॉक्टर मुजावरांची बदली नागपूरला झाली. वऱ्हाडीत असे आणखी चार शब्द सापडले, असं त्यांनी एकदा फोनवर कळवलं.

सन्मती चार महिने घरी यायची, वडिलांशीच बोलून जायची. पाचव्या महिन्यात तिनं आईला विचारलं, समुद्री शेवाळ म्हणजे नेमकं काय असतं. पद्मजाबाई तासभर बोलल्या. मग त्यांच्यात जमत गेलं, पूर्वीसारखं नाही, पण जमत गेलं.

सुकुमारराव कधी रागावले नाहीत. मात्र त्यांना विचारायची सवय लागली. चहा करू का, खरंच हवाय का, की मी म्हणतोय म्हणून. दिवा मालवू का. तू मनापासून हसलीस का आत्ता. पद्मजाबाईंना सुरुवातीला बरं वाटलं, मग जड व्हायला लागलं. घरातला पूर्वीचा चेष्टेचा सूर गेला तो परत आला नाही, आणि त्याची चुटपुट त्यांना शेवटपर्यंत राहिली.

२०४७च्या श्रावणात सुकुमारराव गेले. त्याआधी महिनाभर अंथरुणावर होते. एका दुपारी पद्मजाबाई त्यांचे पाय चेपत होत्या तेव्हा त्यांनी विचारलं, “तेव्हा मी सरळ विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

पद्मजाबाईंनी पाय चेपणं थांबवलं.

“तेव्हा नाही म्हटलं असतं. गोव्याला गेले असते. दोन वर्षांनी परत आल्यावर विचारलं असतंत, तर कदाचित हो.”

सुकुमाररावांनी डोळे मिटले. झोप लागली असं वाटून पद्मजाबाई उठायला लागल्या.

“दोन वर्षं ना,” ते डोळे न उघडताच म्हणाले. “थांबलो असतो की गं.”